शंभरपैकी एकशे पाच

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितका). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सर्व खुशाल. मशीनचा पट्टा तेवढा तुटला होता, तोही बसवला.

पत्रास कारण माझा शेवटचा पेपर. ‘अ’ श्रेणी मिळाली तरच विद्यापीठ पुढच्या वर्गात घेणार, नाहीतर एकावन्नाव्या वर्षी माझ्या शिक्षणाला तिथेच गाठ मारायची. ‘अ’साठी एकूण सत्तर गुण हवेत. वर्षभराच्या कामाचे चाळीसपैकी एकतीस मी आधीच पटकावले होते (हसू नकोस). राहिले एकोणचाळीस, ते शेवटच्या पेपरच्या वाट्याच्या साठांतून काढायचे. पेपर शंभरचा, म्हणजे त्यात पासष्ट हवेत. मी कपडे पोचवायला गेले होते तेव्हा आमच्या ह्यांनी हा हिशेब अगदी बरोबर केला. पण शिंप्याचा हात! कापड बेतताना शिवणीसाठी माया सोडायची, चार बोटं जास्तच धरायची, ही जन्माची सवय. ह्यांनी दहा वाढवले आणि कापायच्या टेबलावर खडूने पंच्याहत्तर लिहून ठेवले. नणंदबाईंनी ते पाहिलं, “धुतल्यावर आटतं” असं पुटपुटल्या आणि गुपचूप पंच्याऐंशी केले. मग सासरेबुवा आले. परीक्षकांचा हात आखडता असतो असं त्यांचं ठाम मत (सातवीला ते स्वतः तीनदा बसले). त्यांनी एकशे पाच केले. शंभरापुढे गुण नसतात हे त्यांना सुचलंच नाही, कारण त्यांच्या मापाच्या टेपवर आकडे दीडशेपर्यंत असतात.

मी येऊन बघते तर एकशे पाच! ह्यांचा हिशेब कधी चुकत नाही, म्हणून मी पडताळलाही नाही. सगळा पेपर बरोबर सोडवला तरी पाच कमी. रडले, ताई. मग रागच आला. पाच बुडाले तर बुडू देत, शंभर सोडणार नाही! तीन आठवडे एका हातात बाही आणि दुसऱ्या हातात पुस्तक. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या (बिचारा अजून घालतो). पण खरं सांगते, इतकी मजा मला जन्मात आली नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी सुस्कारा सोडला, की वरचे पाच आणू कुठून? हे म्हणाले, “कुठले पाच? मी तर पंच्याहत्तर लिहिले होते!” मग एकेकाने कबुली दिली. आम्ही इतके हसलो की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बघायला आला.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात निकाल लागला. सहासष्ट! शंभराचा अभ्यास केला आणि जादा उरला एक गुण. पण ‘अ’ मिळाली, ताई, ‘अ’!

पुन्हा ता. क. आता खरं कारण. सोबत माझ्याच विद्यापीठाच्या प्रवेशाचा अर्ज आहे, तुझ्या नावाचा (शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही घेतात). मी शाळेत जावं म्हणून तू शाळा सोडून मशीनवर बसलीस, ते मी विसरलेले नाही. वय झालं म्हणू नकोस. आत माया सोडलेली असली की उसवून कपडा वाढवता येतो, हे मला तूच शिकवलंस. फुली केली आहे तिथे सही कर. पेनाने कर. खडूने केलीस तर आमच्याकडची माणसं त्यात काय वाढवतील, सांगता येत नाही.