जावईबापूंचं मलम

ती. मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (वाकताना सुजलेला ओठ फरशीला टेकणार नाही याची काळजी घेतली आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडे माझा ओठ सोडून सगळे मजेत आहेत. सगळ्यात मजेत तुमचे जावईबापू.

तुम्हाला माहीतच आहे, शनिवारी कारखान्याच्या बँडचा कार्यक्रम आहे आणि त्यात एकट्याने वाजवायची दोन मिनिटं आहेत. ती माझ्या ट्रम्पेटला द्यायची की जावईबापूंच्या क्लॅरिनेटला, हे बँडमास्तर ठरवणार होते. तुम्ही लहानपणी मला शिकवलंत की ट्रम्पेट ओठावर दाबायचा नाही, जेवढा वेळ वाजवलं तेवढा वेळ थांबायचं, ओठ बधिरला की ट्रम्पेट पेटीत ठेवून द्यायचा. सगळं पाठ आहे. पण शेजारच्या खुर्चीवर हा गृहस्थ तीन-तीन तास वाजवून वर शीळ घालत घरी जातो म्हटल्यावर कोण थांबेल, मामा? मीही तीन तास वाजवलं. दाबून वाजवलं. चौथ्या दिवशी वरच्या ओठावर माउथपीसचा गोल असा उमटला की पॅकिंग खात्यातल्या बाईंनी मला कुठे ठसा मारून पाठवायचं आहे ते विचारलं. चहा झोंबायचा, आमटी झोंबायची, हसलं तरी झोंबायचं (हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून बरं).

स्पष्टच सांगतो, मी जळत होतो. यांचे ओठ फुटत नाहीत म्हणजे यांच्याकडे काहीतरी आहे, आणि ते तुम्ही दिलंय, असा माझा संशय. म्हणून ते हात धुवायला गेले असताना त्यांची पेटी उघडली. आत लिपस्टिकसारखी एक नळी होती, पिवळसर मलमाची. उचलली. (चोरी म्हणू नका, नात्यातलीच वस्तू आहे.)

मामा, काय गुण आहे त्या मलमाचा! चव रॉकेलच्या चुलत बहिणीसारखी, पण ओठ असा गुळगुळीत की ट्रम्पेट दाबायला गेलं की सटकतोच. दाबताच येईना. आठ दिवसांत सूज अर्धी झाली आणि वरचा स्वर स्वच्छ लागला. इकडे जावईबापूंचे ग्रह फिरले. त्यांच्या क्लॅरिनेटचे जोड असे घट्ट बसले की सुटेनात. पेटीत मावत नाही म्हणून अख्खी क्लॅरिनेट काखेत धरून बसमध्ये उभे राहतात. मला वाईट वाटलं नाही. काल बँडमास्तरांनी ती दोन मिनिटं मला दिली. तेव्हाही वाटलं नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. खरं काम लिहायचं राहिलंच. शनिवारी पुढच्या रांगेत बसा आणि ती दोन मिनिटं फक्त माझ्याकडे बघा. मला तुम्ही वाजवायला शिकवलंत. त्यांना नुसती मुलगी दिलीत.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात जावईबापू घरी आले आणि टेबलावरची नळी त्यांनी पाहिली. ते मलम नव्हे, मामा. क्लॅरिनेटच्या जोडांवर बूच असतं, त्याला लावायचं ग्रीस आहे. मी आठ दिवस ते ओठाला चोपडत होतो. ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. खिशातून ओठाचं खरं मलम काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, मामांचं पत्र आलं होतं, भाच्याचा ओठ सांभाळा म्हणून. मग बोलता बोलता निसटलं की ती दोन मिनिटं याला द्या, माझा ओठ फुटलाय, असं त्यांनीच बँडमास्तरांना सांगितलं होतं. मी त्यांचा ओठ दिव्याखाली नीट पाहिला. कुठेही फुटलेला नाही.

तेव्हा शनिवारी त्यांच्याकडेही बघा. एकदाच. आणि तेही मी श्वास घ्यायला थांबेन तेव्हा.