शेवटच्या मुलीच्या मागे

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि गाऱ्हाणं सांगायला आजही तुम्हीच आठवलात. कॉलेजात क्रीडा विभागातल्या तुमच्या खुर्चीत आता मी बसतो. आपला मुलींचा धावण्याचा संघ संस्थेला देशात पहिला हवाय, तसा फलकही फाटकावर लागलाय. आणि ज्या मॅडमनी तो संघ उभा केला, त्या उद्या नाशिक सोडून चालल्या.

मॅडम पेठकडच्या, डोंगर चढत-उतरत पळायला शिकलेल्या. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या सगळ्यात मागच्या मुलीच्या पाठीमागे पळत होत्या. तुम्हीही असेच पळायचात. मागचा नेहमी मीच, त्यामुळे तुमचे टोमणे सगळे माझ्या वाट्याला. "अरे, म्हशीसुद्धा पुढे गेल्या," म्हणायचात तुम्ही, आणि तरी मला ओलांडून एकदाही पुढे गेला नाहीत.

आमच्याकडे मॅडमना दर उन्हाळ्यात घरी बसवतात आणि जूनमध्ये त्यांच्याच जागेसाठी त्यांचीच मुलाखत घेतात. समोर मी बसतो. "मुलींना शिकवायचा अनुभव आहे का?" असं यंदाही विचारावं लागलं. त्या हसल्या, मी मान खाली घातली. त्यांना कायम करा म्हणून मी संस्थेच्या पायऱ्या झिजवल्या. मग बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाने त्यांना कायमच्या नोकरीवर बोलावलं. ते कळल्यावर प्राचार्य म्हणाले, "मॅडम म्हणजे सोनं हो, पण कायम करणं आपल्या हातात आहे का? आपण त्यांचा सत्कार करू. माणूस बांधला जातो."

म्हणून शाल दिली, नारळ दिला, भाषणं झाली. मी तर बोलता बोलता "तुमचे ऋण विसरणार नाही" असंही म्हणून गेलो. व्यासपीठावरून उतरताना मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, मी अजून जायचं ठरवलं नव्हतं. तुम्ही तर निरोपच दिलात."

"अहो, तुम्ही राहावं म्हणूनच होतं हे सगळं."

"आई रोज इचारती, तुझी नोकरी हाय का नाय? तिला काय ही शाल दाखवू?"

तुम्हाला कधी बाहेरून बोलावणं आलं होतं का सर, आणि आलं असेल तर तुम्ही का राहिलात? तेव्हा विचारायचं सुचलंच नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? टेबलाच्या खणातच राहील. एवढं मात्र तुमच्याच कानावर घालतो. मॅडम सामान बांधायला घरी थांबल्या, म्हणून आज सकाळी मीच बूट घालून शेवटच्या मुलीच्या मागे पळायला गेलो. पहिल्या चढालाच मला धाप लागली. तिने वळून पाहिलं. वेग कमी केला, मला पुढे जाऊ दिलं, आणि माझ्या मागून पळू लागली.