एकवीस रविवार, बारा पॉइंट सात

मी, मानस विनायक हर्डीकर, वय सत्तावीस, राहणार मयूर विहार फेज वन, दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे, रक्त नाही. ब्लड कॅन्सर परत आलाय आणि या वेळी डॉक्टर माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतात. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझी एफडी आणि लॅपटॉप आईला, म्हणजे प्रभा हर्डीकर यांना. पासवर्ड तुझा वाढदिवस आहे, आई. खरा, सर्टिफिकेटवरचा नाही.

२. बाबांना गाडीचं वॉटरप्रूफ कव्हर. त्यांनी प्रेमाने पूर्ण थंडी गाडी झाकून ठेवली. छतावरच्या सोलर पॅनलसकट.

३. गाडी म्हणजे माझी मोटरहोम. जुनी मिनीबस घेऊन दोन वर्षं खपलो, बेड, किचन, फ्रिज सगळं बसवलं. हे सगळं चालतं दोन वेगळ्या बॅटऱ्यांवर. ऑक्टोबरमध्ये ॲडमिट होताना मी थोरल्या भावाला, आर्यनदादाला, एक पान लिहून दिलं होतं. मेन स्विच बंद ठेव. दर रविवारी चार्जर लाव, काढल्यावर दोन-तीन तासांनी मीटर बघ, बारा पॉइंट सात व्होल्ट पाहिजे. पाणी घालायचं तर डिस्टिल्डच. दहा मिनिटं इंजिन घुर्र करून काही होत नाही. बॅटरी नुसती उभी राहूनही उतरते, आणि उतरलेली तशीच ठेवली की मरते.

आई म्हणाली, "उभी तर आहे गाडी, तिला काय खायला लागतं?"

दादा म्हणाला, "चिल यार, मी आहे ना."

दर रविवारी वॉर्डमध्ये मला डॅशबोर्डवरच्या मीटरचा फोटो यायचा. १२.७. मी लिहायचो, 'थँक्स दादा.' चौथ्या रविवारी फोटो झूम केला. मीटरच्या बाजूला दसऱ्याची झेंडूची माळ, एकदम टवटवीत. दिवाळी होऊन गेली होती. मग नोव्हेंबरमध्ये टवटवीत. जानेवारीच्या धुक्यात टवटवीत. एकच फोटो, एकवीस वेळा.

मी 'थँक्स दादा' लिहीतच राहिलो. किती दिवस पाठवतो ते बघायचं होतं. त्या वॉर्डमध्ये तेवढीच एंटरटेनमेंट होती.

फेब्रुवारीच्या शेवटी सुटलो आणि थेट पार्किंगमध्ये गेलो. मेन स्विच चालू, फ्रिजही चालूच राहिलेला. मल्टिमीटरवर चार पॉइंट एक.

"थंडीमुळे असेल रे," दादा म्हणाला.

"दादा, माळ बघ."

काळी, वाळलेली माळ. त्याने बघितली. "अरे, डॉक्टर म्हणाले होते... आम्हाला वाटलं..."

वाक्य तिथेच सोडलं. मी इथे पूर्ण करतो, म्हणजे रेकॉर्डवर राहील. त्याला वाटलं, मी परत येत नाही.

४. म्हणून गाडी त्यालाच. नव्या बॅटऱ्या मी बसवल्या आहेत. अट एकच. माझ्यानंतर वर्षभर, दर रविवारी, त्या दिवसाचा पेपर मीटरशेजारी धरून फोटो काढायचा आणि माझ्या नंबरवर पाठवायचा. एक रविवार चुकला किंवा १२.४ च्या खाली गेलं, तर गाडी सरोजिनी नगरच्या आतेबहिणीची, हेमांगीची.

५. मेलेल्या दोन बॅटऱ्या, पन्नास-पन्नास किलोच्या, ते वर्ष संपेपर्यंत दादाच्या बेडरूमच्या बाल्कनीत राहतील. भंगारवाल्याला बोलवायचं नाही. माळही त्यांच्यावरच.

६. हे मृत्युपत्र दादानेच वाचायचं, मोठ्याने, आईबाबांसमोर. माळेपाशी आवाज गेला ना, दादा? पाणी पी. पुढे वाच.

७. माझा फोन हेमांगीकडे राहील. नंबर चालू, डीपी माझाच. दादाचा फोटो आला की तिने दोन मिनिटांत उत्तर द्यायचं. शब्द मी ठरवलेत, ते बदलायचे नाहीत.

'थँक्स दादा.'

सही: मानस विनायक हर्डीकर

मानसने आमच्या दोघांसमोर सही केली, आणि आम्ही त्याच्यासमोर.
साक्षीदार: राजीव पटवर्धन, सोसायटीचे सेक्रेटरी (सही)
साक्षीदार: लता सामंत, शेजारी (सही)

मयूर विहार, दिल्ली
रविवार, २२ मार्च २०२६. आजचं मीटर: १२.७