करमस का तठे?

आप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुम्हाला काही लिहिते आहे. भावाच्या मुलीला नर्सच्या नोकरीची दोन पत्रं आली आहेत, एक आपल्याकडच्या, धडगावच्या सरकारी दवाखान्याचं आणि एक इथल्या, पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलचं. सोमवारपर्यंत तिला कळवायचं आहे. काल सकाळी तिचा फोन आला. "आत्या, तू मन्हा जागावर ऱ्हाती तं काय करती? खरं सांगजो, उगाच मन राखू नको." घरातल्या सगळ्यांना विचारून झालं होतं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. सत्तावीस वर्षं पुण्यात काढलेली आत्या, तिला नाही तर कुणाला कळणार! मी म्हटलं, संध्याकाळी सांगते.

पुण्याचं वेड मला तुम्हीच लावलंत, हे तुमच्या कधी लक्षातही आलं नसेल. शहाद्याच्या एसटी स्टँडवर तुम्ही कंट्रोलर. घरात चहात साखर कमी पडली तरी अहिराणीत गल्ली डोक्यावर घ्यायचात, पण माइकसमोर बसलात की छापील मराठी. शाळा सुटली की मी तुमच्या खिडकीखाली शेंगदाणे खात उभी राहायचे. मोलगी, धडगाव, तळोदा ही नावं तुम्ही भाजीच्या जुड्या टाकाव्यात तशी टाकायचात. पुण्याची गाडी लागली की मात्र आधी गळा साफ करायचात. तुम्ही स्वतः तेव्हा धुळ्याच्या पुढे गेला नव्हतात. मला वाटायचं, ज्या गावाचं नाव घ्यायला माझ्या बापाला गळा साफ करावा लागतो, ते गाव काय असेल! मी निघाले त्या दिवशी तुमचीच ड्यूटी होती. तुम्ही रीतीप्रमाणे दोनदा पुकारा केलात, मग उगाच तिसऱ्यांदा केलात. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "साहेब, सगळा बठी ग्यात!" सगळे बसले, तरी तुम्ही केबिनबाहेर आला नाहीत. मला फार राग आला होता तुमचा.

मग दर रविवारी तुमचा फोन. "करमस का तठे, माय?" आणि मी दर रविवारी सांगायचे, "हां आप्पा, भलतं करमस," अगदी छान करमतं. हा फ्लॅट घेतला तेव्हा तुम्ही महिनाभर राहायचं ठरवून आलात. लिफ्टमध्ये भेटेल त्याला रामराम केलात. खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, कुठले, काय करता, घरी कोण कोण, सगळं विचारू लागलात. वॉचमनने मला बाजूला घेऊन सांगितलं की लोक तक्रार करताहेत. चौथ्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, "आठे कोनी कोनले बोलत नही का वं?" आणि मी तुमच्यावर खेकसले, तेही शुद्ध मराठीत. "आप्पा, इथे असं कुणालाही काहीही विचारायचं नसतं." तुम्ही ताटातली भाकरी मोडत राहिलात. सहाव्या दिवशी घरी काहीतरी काम निघालं म्हणून गेलात. भाऊ सांगत होता, स्टँडवर तुम्ही सगळ्यांना म्हणत होतात, "मन्ही पोरनं घर भलतं भारी शे, लिफ्टमा बी आरसा शे." तुम्हाला तेव्हाच सगळं कळलं होतं, आप्पा. मला समजायला वेळ लागला.

गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ वारले. आमच्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर. मला कळलं ते सोसायटीच्या ग्रुपवर, अंत्यसंस्कार उरकल्यानंतर. आपल्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात, कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मीही केलं. सहा भाकरी थापल्या, डबा भरला, बेल वाजवली. त्यांच्या मुलाने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, आम्ही डबा नाही मागवलेला. बाजूच्या विंगमध्ये बघा." सोळा वर्षं आम्ही समोरासमोर राहतो. त्याचा दोष नाही, डोळे रडून सुजले होते त्याचे. मी "हो का, चुकलं" म्हणाले. तो दारात उभाच होता, त्याच्यासमोर माझं कुलूप कसं उघडू? मी डबा घेऊन लिफ्टने खाली गेले, पार्किंगला एक चक्कर मारली आणि त्याचं दार लागलं असेल अशा बेताने वर आले. त्यातली भाकरी मला दोन दिवस पुरली.

पुण्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. या शहराने मला ग्रंथालयातली नोकरी दिली, स्वतःच्या नावाचं दार दिलं. लग्न का केलं नाही, हे इथे मला एकदाही कुणी विचारलं नाही. शहाद्यात मला हे सुख मिळालं नसतं, आणि ते सुखच होतं, अगदी परवापरवापर्यंत. फक्त न विचारणारे लोक काहीच विचारत नाहीत, ताप आला का, जेवलीस का, हेही नाही.

काल संध्याकाळी मी पोरीला फोन केला. मी काही बोलायच्या आत तीच सांगत सुटली. ट्रेनिंगला धडगावला होती तेव्हा पावरी, तिथल्या आदिवासींची बोली, थोडी थोडी शिकली म्हणे. जीपमध्ये दाटीवाटीने घाट चढताना मजा येते म्हणे. "आत्या, तठली एक म्हातारी माले रोज इचारस, जेवनी का म्हनीसन." तिला माझ्याकडून 'तिथेच राहा' एवढंच ऐकायचं होतं. लहान मूलही ओळखेल, असा आवाज होता तिचा. मी म्हटलं, "येडी का तू? पुनं सोडीसन कोनी धडगावले जास का? ये, मन्हाकडेच ऱ्हाय." ती म्हणाली, "बरं आत्या. तू म्हनस तं ठीकच ऱ्हाई."

फोन करायच्या आधीच, दुपारी, मी बाजारात जाऊन तिच्यासाठी पलंग बघून आले होते, आप्पा.

आज शनिवार. तिने अजून पुण्याला होकार पाठवलेला नाही, मगाशीच तिचा मेसेज होता. म्हणजे खरं सांगायला अजून वेळ आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, हे मला कळतं. तिला फोन करावा लागू नये म्हणून मी सकाळपासून तुम्हाला लिहीत बसले आहे.