गोठ्यामागे अडलेला ओंडका

रैविस,

मी बाबांच्या मागोमाग इस्पितळात चालले आहे. आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस, म्हणून सकाळीच त्यांनी ओंडक्याला दोर बांधला. मी म्हटलं, "थांबा जरा, रैविस दुपारी येतोय." तर म्हणाले, "गेली तीन वर्षं नुसतं येतो येतोच म्हणतोय तो." मग एकटेच ओंडका ओढत घराला फेरी घालायला निघाले आणि गोठ्यामागे बर्फावर घसरून पडले. खुबा मोडलाय बहुतेक. रुग्णवाहिकेत चढवतानाही विचारत होते, फेरी पुरी झाली का म्हणून. मी दोर ओढून पाहिला, पण ओंडका जागचा हलला नाही.

आपल्याकडे देवाधर्माचं कुणी नाही. आजच्या दिवशी ओंडका घराभोवती ओढून न्यायचा आणि वर्षभराची भांडणं त्याच्याबरोबर जाळायची, एवढंच आपण पाळत आलो. तुम्हा दोघांचं भांडण काही मला मिटवता आलं नाही.

वाटाणे शिजवून ठेवलेत, खाऊन घे. लगेच इस्पितळात येऊ नकोस, तुला बघून ते तोंड फिरवतील. अंधार पडायच्या आत राहिलेली फेरी पुरी कर आणि ओंडका पेटव. मग फोन कर. मला नको, त्यांनाच कर.

आई