कशेळ्याच्या गोदाबाईंची साक्ष

६ डिसेंबर १९७३, कर्जत
सकाळीच एक गृहस्थ बांधाचं भांडण घेऊन दारात. म्हटलं, माझं काम वेगळं. इथला माणूस परदेशी सरकारनं मागितला, तर त्याला द्यायचा की नाही, तेवढ्यावर मी भांडतो. तो म्हणाला, "मंग आमचा बांध बी शेजाऱ्याला देऊ नका म्हनून भांडा की!" सौ. आत हसली. बॅरिस्टर होऊन केस पिकले, गावात अजून सातबारेच समजावतोय. कंटाळा आलाय.

१० डिसेंबर
मुंबईला जाऊन चंदरला तुरुंगात भेटलो. कशेळ्याचा पोरगा, बोटीवर खलाशी. विलायतेतल्या बंदरात मारामारी झाली, एक माणूस मेला. तिथलं सरकार म्हणतं, मारणारा हाच. "सायब, त्या दिशी मी..." म्हणाला, तेवढ्यात मी हातानं थांबवलं. मारलं की नाही, हे आमच्या कामात विचारायचंच नसतं. मागितलेला माणूस हाच का, आणि गुन्हा माणूस तिकडे पाठवण्याजोगा का, एवढंच. पूर्वी यात शिस्त वाटायची. आता नुसता थकवा.
तिथून आलेला फोटो धुरकट. वर्णन कुणालाही लागू पडेल असं. ओळखीवरच लढायचं.

१४ डिसेंबर
सरकारी वकील हुशार निघाला. ओळख पटवायला आईलाच साक्षीला बोलावलंय. गोदाबाई आज ओटीवर आल्या. विधवा, हा एकुलता. वालाच्या शेंगा आणल्या होत्या.
"सायब, काय सांगू?"
"खरं तेच."
"खरं सांगितलं तर नेतील त्याला?"
"बहुतेक."
सौ.बरोबर शेंगा सोलत बसल्या. जाईपर्यंत मान वर केली नाही.

१९ डिसेंबर
आज साक्ष. शपथ झाली. स. वकिलांनी विचारलं, हा तुमचा मुलगा का? बाईंनी त्याच्याकडे बघितलं, चांगलं निरखून. "नाय. माजा चंदर दर्यात बुडाला. मयत बी गावलं नाय. दर्भाचा पुतळा जाळून दिवस घातलं आमी त्याचं."
मी थक्क. हे मी शिकवलं नव्हतं. स. वकिलांचा चेहरा पडला. मॅजिस्ट्रेट लिहून घेत होते. केस आयती हातात आली होती...
आणि पिंजऱ्यातून चंदर ओरडला, "आये, असं नको गं बोलू! मी जित्ता हाय!"
संपलं.
फार राग आला पोराचा. खाली भेटलो तेव्हा चांगलं झापणार होतो. तो रडत होता. "विलायतेला धाडा सायब, चालंल. पन आयेच्या तोंडून त्ये..." झापायचं राहूनच गेलं.

२८ डिसेंबर
मॅजिस्ट्रेटांचा अहवाल दिल्लीला गेला. चंदर पाठवण्याजोगा म्हणून. बाईंवर खोट्या साक्षीचं अजून कुणी काही काढलेलं नाही, नशीब. शेवटचा निर्णय दिल्लीचा. आईच्या नावानं विनंतीअर्ज करायचा, एवढंच उरलंय. सौ. म्हणते, पुरे करा आता हे काम. तिचं खरं आहे. पण हा अर्ज टाकून कसा देणार?

३ जानेवारी १९७४
अर्ज गोदाबाईंना वाचून दाखवला. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "यात आनकी येक घाला. त्याचं दिवस घातलं नव्हतं म्हनून. माजं त्ये बोलनं पुसा."
समजावलं. शपथेवर खोटं बोललात हे तुमच्याच अंगठ्यानं कबूल होईल. तुरुंगात जाल. आणि त्यानं पोरगा सुटेल असंही नाही.
"नाय सुटला तर नाय. कुटं बी जाऊ दे, जित्ता म्हनून जाऊ दे."
उद्या या म्हटलं, तर उठेनात. सौ.नं चहा दिला, तो निवला. शाईचा पॅड त्यांनी स्वतःच पुढे ओढला आणि अंगठा काळा करून बसल्यात.
ते वाक्य मी अजून लिहिलेलं नाही.