लखनौतली आमची दोघांची जमात

बुध., ९ नोव्हें. ९४
ठाण्याहून आतेभावाचा फोन. मेलबर्नच्या कोणी रूथबाई येताहेत. वय सत्तर, शाळेतून रिटायर. देशोदेशी फिरून लहान लहान ज्यू वस्त्या बघतात. कोची, ठाणं झालं, आता लखनौ. "तुझा पत्ता दिलाय."
लीनाला सांगितलं. "पापा, यहाँ देखने को है क्या? हम दोनों?" खरं आहे.
मार्चमध्ये मी लॅबमधून रिटायर. क्वार्टर सोडावं लागणार. धाकटा भाऊ इस्रायलमधल्या लोदहून बोलावतोय, कायमचे या म्हणतो. लीनाशी बोलायला हवं. रोज राहतं.

शुक्र., ११ नोव्हें.
सकाळी चारबाग स्टेशन. गाडी लेट. बाई उंच, पाठीवर कॉलेजच्या पोरांसारखी बॅग. कुलींना हात लावू दिला नाही. क्वार्टरच्या दारात थबकल्या, चौकटीवरच्या मझुझाला, आमच्या प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली.
चहा झाल्यावर वही काढली. "इथे कुटुंबं किती?"
"एक."
"प्रार्थनेची जागा?"
"तुम्ही बसलाय ती."
"माणसं?"
"मी आणि मुलगी. फेब्रुवारीपर्यंत माझी बायको रिबका होती."
वही मिटली. बिस्किटं चांगली आहेत म्हणाल्या.
संध्याकाळी शब्बाथचा, आमच्या विश्रांतीच्या वाराचा, दिवा लीनानं लावला. बाईंची गाण्याची चाल निराळी, आमची कोकणातली. मध्येच दोघी दोन वाटांना गेल्या. हसल्या. बऱ्याच दिवसांनी...

रवि., १३ नोव्हें.
शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून शुक्रवारचं काल रात्री तो सरल्यावर लिहिलं. आज सकाळी बाई म्हणाल्या, रिबकाकडे जाऊ या. ती ख्रिस्ती कबरस्तानात आहे. आमचं इथे नाही, त्यांनी जागा दिली. शेजारचे रिझवीसाहेब, माझ्याच लॅबमधले, आपल्या फियाटनं घेऊन गेले.
कबरीपाशी बाईंनी विचारलं, "कद्दिश कोणी म्हटलं?"
कोणी नाही. मयताच्या त्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. कुठून आणणार? दफनाला अख्खी कॉलनी होती आणि मी तोंड मिटून उभा.
रिझवीसाहेब म्हणाले, "पेणकर साहब, आपने बताया नहीं. हम समझे आपके यहाँ सब ख़ामोशी से होता है."
बाई : "नियम मोडायचं माझं वय झालंय. तुम्ही म्हणताय की मी म्हणू?"
मी म्हटलं. निम्म्यात रडू फुटलं. बाईंनी खालच्या आवाजात पुढचा शब्द दिला, मग पुढचा. लीनाला कद्दिश येत नाही, आमेन मात्र तिनं नेमक्या जागी म्हटलं. रिझवीसाहेब डोक्याला रुमाल बांधून उभे होते. ते आमीन म्हणाले.


सोम., १४ नोव्हें.
बाई आग्र्याला गेल्या. डब्यात चढता चढता, "तुमची मुलगी इथे एकटी पडेल." म्हटलं, भाऊ बोलावतोय. "मग?" म्हणाल्या. गाडी हलली.

गुरु., १७ नोव्हें.
शेवटी जेवताना विषय काढला. लोद, भाऊ, मार्च, क्वार्टर. लीनाचा घास तसाच हातात. मग चक्क मराठीत, "पप्पा, तुम्ही जा. मी इथेच राहते. शाळेत नोकरी बघीन."
"एकटी?"
"आई आहे ना."
म्हटलं, गेलेल्या माणसासाठी असं अडून राहायचं नसतं.
"मग रविवारी तुम्ही कोणासाठी रडलात?"
मी ताट सारलं. थोड्या वेळानं भावाचा फोन. "काय ठरलं तुमचं? अर्ज कधी करताय?"
मी म्हटलं, "लीनाशी बोल."
रिसीव्हर तिला दिला. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काका, आधी मेरी बात सुनिए."
मी बाहेर व्हरांड्यात आलो.